खळे आणि कोठार
(अंजनवेलच्या परिसरातील धान्यवास्तूंचा विचार)

वाशिष्ठी नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे उत्तर तीरावर दाभोळ आणि दक्षिण तीरावर अंजनवेल अशी दोन गावे परस्परांसमोर वसलेली आहेत. दाभोळचे नाव बंदरामुळे देशोदेशी गेले. अंजनवेलचे नाव इतिहासात टिकले ते मुख्यतः तेथील गोपाळगड या किल्ल्यामुळे. किल्ला पाहावयास येणारा मनुष्य तटावरून फेरी मारतो, बुरूज मोजतो, जमिनीच्या बाजूचा खंदक पाहतो आणि खाडीवर एक दृष्टी टाकून परत फिरतो. परंतु त्या तटाच्या बाहेर, भातखाचरांच्या कडेस, दुसरी एक वास्तू पिढ्यान्‌पिढ्या दर वर्षी दिवाळीच्या सुमारास उभी राहत असे आणि मळणी उरकली की पुन्हा मातीस मिळत असे. ती वास्तू म्हणजे शेतकऱ्याचे खळे. तिला भिंत नाही, छप्पर नाही, दरवाजा नाही. म्हणून वास्तुशास्त्राच्या ग्रंथात तिला स्थान मिळाले नाही. तथापि किल्ल्याच्या तटाचा आणि खळ्याच्या सारवलेल्या भुईचा संबंध फार निकटचा आहे. तटाच्या आत जे खाल्ले गेले, ते प्रथम खळ्यावर पडले होते.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. रत्नागिरी जिल्ह्यात जांभा दगडाची वाण कधीच नव्हती. गडगे जांभ्याचे, विहिरी जांभ्याच्या, देवळांची जोती जांभ्याची, किल्ल्याचे तटही जांभ्याचे. असे असता शेतकऱ्याने मळणीसाठी दगडी इमारत का उभारली नाही? आणि धान्यासाठी दगडी इमारती ज्यांनी उभारल्या, त्यांनी त्या कशासाठी उभारल्या?

प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी, ज्या देशांत मळणीसाठी दगडी घरे बांधली गेली त्यांच्याकडे पाहणे उपयोगाचे होईल. इंग्लंडात ग्रेट कॉक्सवेल या खेड्यात तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले एक मळणीघर अद्याप उभे आहे. ब्यूली येथील मठाच्या सिस्टर्शियन संन्याशांनी ते आपल्या शेतीसाठी बांधविले. त्याची लांबी सुमारे १५२ फूट, रुंदी ४४ फूट आणि उंची ४८ फूट आहे. भिंती दगडाच्या, छपरावर दगडी फरशा, आणि त्या छपराचा प्रचंड भार तोलण्यासाठी आत ओकच्या खांबांच्या दोन रांगा. प्रत्येक खांबाखाली पुरुषभर उंचीची दगडी बैठक. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथे शाफ्ट्सबरीच्या मठाचे असेच एक घर चौदाव्या शतकाच्या आरंभी बांधलेले आहे. त्याची लांबी १६८ फूट असून त्यात चौदा खण आहेत.

एवढ्या मोठ्या इमारतीचे कारण तेथील आकाशात सापडते. इंग्लंडात पाऊस ठराविक ऋतूचा नाही. तो बारमाही आहे. कापणी ऑगस्ट-सप्टेंबरात झाली, तरी पुढे उघडीप मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणून पेंढ्या आधी छपराखाली न्यावयाच्या, दोन्ही अंगांस रचावयाच्या, आणि मधल्या मोकळ्या भुईवर हिवाळाभर थोडथोड्या सोडून, काठीस काठी जोडलेल्या झोडण्याने झोडावयाच्या, असा तेथील क्रम होता. अशा मळणीघरांच्या दोन लांब भिंतींत समोरासमोर दोन थोरले दरवाजे ठेवीत. त्यांतून भरलेली गाडी आत येई. शिवाय दोन्ही दारे उघडली म्हणजे त्यांमधून वारा खेळे आणि त्या वाऱ्यावर धान्य उफणता येई. म्हणजे ते दरवाजे वाट होते आणि यंत्रही होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडात अँड्र्यू मीकल याने मळणीयंत्र सिद्ध केले, तेव्हा या घरांचे काम हळूहळू सुटत गेले. हिवाळ्याची मजुरी बुडालेल्या इंग्रज शेतमजुरांनी १८३० साली गावोगाव ती यंत्रे फोडली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मळणीची जागा ही केवळ दगडमातीची बाब नसते, तिच्यावर माणसांची पोटे अवलंबून असतात, हे त्या दंग्याने दाखविले.

आता अंजनवेलकडे वळू. येथे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. हळवी भाते दसऱ्याच्या आगेमागे कापणीस येतात, गरवी त्यानंतर. कार्तिक उजाडला की आकाश निरभ्र होते आणि ते पुढे सहा-सात महिने तसेच राहते. जे छप्पर इंग्रज संन्याशांना शेकडो वृक्ष तोडून उभारावे लागले, ते कोकणच्या कुणब्याला निसर्गाने फुकट दिले होते. म्हणून त्याने इमारत बांधली नाही. त्याने फक्त भुई बांधली.

ही भुई बांधण्याचेही शास्त्र होते. जागा निवडावयाची ती किंचित उंचवट्याची, पाणी न साचणारी आणि वाऱ्याच्या वाटेवरची. समुद्रकाठी दुपारी खारा वारा पश्चिमेकडून सुटतो. तो झाडांनी वा टेकाडाने अडता कामा नये. जागेवरील गवत तासून, ढेकळे फोडून, पाणी शिंपून ती चोपीत. चोपून घट्ट झाली की शेणाने सारवीत. सारवण वाळले की पुन्हा सारवीत. फट राहिली तर दाणा मातीत जाणार आणि माती दाण्यात येणार, एवढ्यासाठी ही मेहनत असे. घाटावर, जेथे ज्वारी-बाजरीची मळणी बैलांच्या पायांनी होते, तेथे खळ्याच्या मध्यभागी तिवडा पुरतात आणि त्याभोवती बैलांची पात फिरते. उफणणी वावडीवर उभे राहून करतात. कोकणात भाताच्या पेंढ्या आधी फळीवर किंवा दगडावर झोडतात. राहिलेला दाणा सुटावा म्हणून मग तो पेंढा बैलांकडून तुडवितात, आणि सुपाने वारा देऊन पोल उडवितात.

कापलेले भात झोडण्याची पाळी येईपर्यंत राहते कोठे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर उडवी. पेंढ्या गोलाकार रचीत जावयाच्या, कणसे आतल्या अंगास आणि बुडखे बाहेर. वर निमुळते करीत नेऊन पेंढ्याची शाकारणी करावयाची. अवकाळी सर आली तरी बुडख्यांवरून पाणी ओघळून जाते आणि कणसे कोरडी राहतात. उडवीत धान्यच भिंत आहे, धान्यच खांब आहे आणि धान्याचाच पेंढा छप्पर आहे. जे काम कॉक्सवेलच्या दगडी भिंती करतात तेच काम ही रचना करते. भेद इतकाच की झोडणी पुरी होताच ती नाहीशी होते.

खळे हा शब्दही फार जुना आहे. संस्कृत ‘खल’ शब्दापासून तो आला असून तो मूळ शब्द ऋग्वेदात मळणीच्या जागेच्या अर्थाने आढळतो. कोकणच्या दक्षिण भागात तर घरापुढच्या अंगणासच खळे म्हणतात. शेतातली भुई घराच्या दारापर्यंत आली आणि मळणी नसतानाही नाव राहिले. ज्या वास्तूचा एक चिराही शिल्लक राहत नाही, तिचे नाव मात्र सहस्रावधी वर्षे टिकले.

झोडलेले भात ठेवण्यासाठी तरी दगडाची खोली का नसावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण जांभ्याच्या गुणातच आहे. जांभा खाणीत मऊ असतो, हवेत आला की कठीण होतो. म्हणून त्याचे चिरे सहज पडतात. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील या दगडास ‘विटेसारखा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले, तेच आज भूगर्भशास्त्रात रूढ आहे. परंतु हा दगड सच्छिद्र आहे. चार महिन्यांच्या पावसात तो पाणी पितो आणि भिंत आतून ओल धरते. ओल लागलेले भात प्रथम तापते, मग कुबट होते, मग त्याला मोड येतात. म्हणून कोकणच्या शेतकऱ्याने धान्यास दगडाचा स्पर्श होऊ दिला नाही. बांबूच्या कामट्यांची कणगी विणून ती शेणाने लिंपावयाची आणि जमिनीपासून उचलून ठेवावयाची; किंवा पेंढ्याच्याच वेष्टनात भात घट्ट बांधून त्याच्या मुड्या करावयाच्या आणि त्या माळ्यावर, चुलीच्या धुराच्या वाटेवर रचावयाच्या, ही त्याची रीत होती. धुराने हवा कोरडी राही आणि किडीलाही आळा बसे. घाटावर कोरड्या जमिनीत पेवे खणता येतात. कोकणच्या पाणथळ भुईत पेव म्हणजे विहीरच व्हावयाची. देश बदलला की कोठार बदलते.

मग दगडी कोठारे कोणी बांधली? ती बांधली राजसत्तेने. महाराष्ट्रात याचे सर्वांत भव्य उदाहरण पन्हाळगडावर आहे. तेथील अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. बांधणी विजापुरी धाटणीची आहे. सर्वांत मोठी गंगा कोठी. तिने सुमारे १०,२०० चौरस फूट जागा व्यापली असून तिची उंची ३५ फूट आहे. आत सोळा खण, प्रत्येक खणावर चपट्या घाटाचे दगडी छत, आणि त्या छताच्या माथ्यावर एक भोक. दोन्ही बाजूंनी जिने वर जातात. धान्य गच्चीवर न्यावयाचे, माथ्यावरच्या भोकातून आत ओतावयाचे, आणि लागेल तेव्हा खालून काढून घ्यावयाचे, अशी ही योजना आहे.

या इमारतीच्या भिंती जाड का, हे समजून घेण्यासारखे आहे. पेंढी आपल्या जागी पडून राहते. ती भिंतीस रेटीत नाही. परंतु सुटे धान्य पाण्यासारखे पसरू पाहते आणि जितका ढीग उंच, तितका खालच्या भिंतीवर बाहेरच्या दिशेने दाब अधिक. कॉक्सवेलच्या भिंती छपराचे वजन आणि वादळवारा सोसतात. पन्हाळ्याच्या भिंतींना धान्याचा रेटा सोसावा लागतो. दगडी छतामुळे आगीचे भयही पुष्कळ कमी होते. वेढ्याच्या काळात तोफेचा गोळा येऊन पडला तरी गवती छपराप्रमाणे सारे भस्म होण्याचा प्रसंग नाही. म्हणजे ही वास्तू मळणीची नव्हे, किंबहुना शेतीचीही नव्हे. ती युद्धाची वास्तू आहे.

गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावत असे, असे नेहमी सांगण्यात येते, आणि खंडी ६५० पौंडांची धरण्यात येते. शाळेतील गणिताने हा आकडा ताडून पाहता येतो. २५,००० खंडींचे १,६२,५०,००० पौंड होतात. सालीसकट भात घनफुटास सुमारे ३६ पौंड भरते. तेव्हा त्यास साडेचार लाख घनफूट जागा हवी. कोठीचे बाहेरून घेतलेले मापच ३,५७,००० घनफूट आहे. भाताऐवजी सडलेले तांदूळ धरले तरी भिंतींना आणि छतांना जवळजवळ जागा उरत नाही. यावरून कोठी लहान ठरते असे नव्हे. खंडी हे माप प्रांतोप्रांती आणि मालागणिक बदलत असे. तेव्हा कोणत्या खंडीने मोजले हे पाहिल्याशिवाय आकडा पुढे करू नये, एवढाच यातून घ्यावयाचा बोध. मात्र १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा मार्च महिन्यापासून जुलैच्या मध्यास महाराज निसटून जाईपर्यंत गड उपाशी पडला नाही, या गोष्टीची साक्ष कोणत्याही आकड्याहून मोठी आहे.

किल्ला आणि धान्य यांचे हे नाते अंजनवेलच्या इतिहासातही दिसते. हा किल्ला मुळात विजापूरकरांच्या अमदानीतला. शिवाजी महाराजांनी दाभोळ प्रांत घेतला तेव्हा तो स्वराज्यात आला. १६९९ साली जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी तो घेतला आणि पुढे जवळजवळ अर्धशतक तो त्यांच्याकडे राहिला. सिद्दी सात हा अंजनवेल आणि गोवळकोट या दोन ठाण्यांचा अंमलदार होता; १७२७ साली त्याने परशुरामाच्या देवस्थानास उपद्रव दिल्यामुळे त्याचे नाव महाराष्ट्रात गाजले. १७३३ पासून पेशव्यांनी सिद्द्यांविरुद्ध मोहीम मांडली. १७३६ च्या एप्रिलात चिमाजी आप्पाने रेवासजवळच्या लढाईत सिद्दी सातास ठार केले. तरीसुद्धा अंजनवेल आणि गोवळकोट मराठ्यांच्या हाती आली नाहीत. ती आली १७४५ च्या सुमारास, तुळाजी आंग्रे याने आरमारासह जोर केला तेव्हा. अंजनवेलच्या किल्ल्यास गोपाळगड हे नाव त्यानेच दिले. तेथून दहा-अकरा वर्षांत तो पेशव्यांकडे आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला.

या हकिकतीत एक मर्म आहे. अंजनवेल खाडीच्या तोंडाशी, गोवळकोट त्याच खाडीत आत चिपळूणजवळ. जमिनीकडून वाटा रोखल्या तरी समुद्रावरून गलबते येत राहत, आणि गलबतांतून दाणागोटा येत राही. गोपाळगडाचे खरे कोठार एका अर्थी समुद्रच होता. समुद्र ज्याच्या हाती, किल्ला त्याचा. म्हणून हा किल्ला घोडदळास वश झाला नाही, आरमारास झाला.

मराठ्यांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी मुख्य असत. त्यांपैकी धान्य व सामग्री यांचा हिशेब कारखानिसाकडे असे. तीन अधिकाऱ्यांत एक केवळ साठ्यासाठी नेमावा, यातच त्या राज्याचे शहाणपण दिसते. परंतु हा साठा कोठून येतो आणि संपला तर कोणावर बेतते, याची खरी जाणीव शिवाजी महाराजांच्या एका पत्रात प्रकट झाली आहे. राज्याभिषेकाच्या आधीच्या काळातले, चिपळूणच्या छावणीतील लष्करास लिहिलेले हे पत्र मामले दाभोळ, म्हणजे याच खाडीच्या टापूतील आहे. त्यात महाराज सांगतात की, पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा आणि वैरण बेताने वापरा. ती आधीच उधळलीत तर ऐन पावसात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजीपाला उचलून आणाल. आणि रयतेस तुमच्यापेक्षा मोगल बरे असे वाटेल. गवताच्या गंजीस दिव्याच्या वातीने वा चिलमीच्या निखाऱ्याने आग लागू नये, इतका बारीक विचारही त्यात आहे. दगडी कोठाराच्या भिंती शत्रूपासून धान्याचे रक्षण करतात. या पत्राने कुणब्याच्या कणगीचे रक्षण स्वतःच्याच लष्करापासून केले. कोठार भरलेले असणे ही राजाची सोय, आणि कणगी सुरक्षित असणे ही त्याच्या राज्याची कसोटी.

कारण खळे ही केवळ मळणीची जागा नव्हती. ती वाटणीची जागा होती. घाटावर बारा बलुतेदारांचे बलुते खळ्यावर दिले जाई. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार यांच्या वर्षाच्या श्रमाचे मोल त्या भुईवर मापले जाई. आणि ज्याची पायरी खाली, त्याचे माप शेवटी. कोकणात तर खोती पद्धत होती. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला मनुष्य. सामान्यतः भातपिकाचा निम्मा वाटा आणि वरकस पिकाचा तिसरा वाटा खोताकडे जाई. पीक शेतात उभे असतानाच खोताची माणसे त्याचा अंदाज करीत. त्यास अभावणी म्हणत. हा अंदाज अधिक धरला गेला तर खळ्यावर भात कमी पडले तरी कुळाला तेवढे भरावेच लागे. १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कूळ यांचे हक्क नोंदले गेले. पण पद्धत राहिली. १९३३ पासून अलिबागेजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी वर्षानुवर्षे जमिनी न कसण्याचा संप केला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला.

प्रारंभीच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर येथे मिळते. आकाश निरभ्र होते म्हणून मळणीघराची गरज नव्हती, हे एक. आणि ज्याच्या खळ्यावरचे अर्धे भात त्याच दिवसांत दुसऱ्याच्या घरी जाते, उरलेले अर्धे पुढच्या पावसाळ्यापर्यंतही पुरत नाही, आणि ज्याचा मुलगा मुंबईच्या गिरणीत जाऊन मनीऑर्डर पाठवितो तेव्हा चूल पेटते, तो कोणत्या धान्यासाठी दगडी कोठार बांधणार, हे दुसरे. मोठे कोठार बांधण्यास नुसते दगड पुरत नाहीत. वर्षाअखेर शिल्लक उरावी लागते. कॉक्सवेलचे घरही शेतमजुराने बांधले नव्हते, मठाने बांधले होते. धान्यासाठी भव्य दगडी वास्तू जेथे जेथे दिसते, तेथे तेथे ती पिकविणाऱ्याची नसून धान्य जमविणाऱ्याची असते. पिकविणाऱ्याची वास्तू शेणामातीची, बांबूची आणि पेंढ्याची. तिचे आयुष्य एका हंगामाचे. पण तिच्यातील ज्ञान, उडवी कशी रचावी, मुडी कशी आवळावी, वारा कोठून घ्यावा, हे दगडाइतकेच घडीव आहे.

आज अंजनवेलच्या किनाऱ्यावर परदेशातून जहाजांनी आलेला इंधनवायू अतिशीत द्रवरूपात प्रचंड टाक्यांत साठविला जातो. बंदरालगत साठा करण्याची त्या खाडीची जुनी परंपरा नव्या रूपाने चालू आहे. गोपाळगडाचा तटही अद्याप उभा आहे. खळी मात्र कमी होत चालली आहेत. भात झोडण्यास यंत्रे आली, कणगीच्या जागी पत्र्याचे पिंप आले, आणि यात दुःख मानण्याचे कारण नाही. श्रम वाचले हे चांगलेच झाले. खंत एवढ्याचीच की, तटाची मापे पुस्तकांत सापडतात. खळ्याची कोठेच नोंदलेली नाहीत. गावोगावच्या शाळांनी हे काम सहज हाती घ्यावे. मुलांनी घरातील वृद्धांस विचारून आपल्या गावचे खळे कोठे होते, केवढे होते, उडवीत किती भारे बसत, मापास कोणती पायली वापरीत आणि कोणाचा वाटा कितवा निघे, एवढे वहीत उतरवून घ्यावे. किल्ल्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. त्या किल्ल्यास ज्यांनी अन्न पुरविले त्यांच्या भुईचा इतिहास अशा वह्यांतूनच पुढे लिहिला जाईल.